प्रोसेसरचा आकडा

"अहो, मी भजनाला गेले की कुणाशी बोलता?" मेथी निवडता निवडता वत्सलाबाईंनी विचारलं.

"कुणाशीच नाही," कॉम्प्युटरमधून त्यांचे यजमान अनंतराव म्हणाले.

पडद्यावरचा प्रोसेसरचा आकडा चारवरून शहाण्णववर गेला. जिवंतपणी खोटं बोलताना अनंतरावांचे कान लाल व्हायचे. ते गेल्यावर त्यांचं मन कॉम्प्युटरमध्ये ठेवलं, तेव्हापासून हा आकडा चढायचा.

"मग मेमरी दुप्पट कशी झाली?"

"तुझीच नक्कल करून ठेवलीय गं. एकट्याला करमत नाही."

आकडा चारवर उतरला. वत्सलाबाईंचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच.

"माझीच ना? मग तीही ‘अहो’च म्हणते?"



"नाही. नुसतं ‘अनंत’ म्हणते."

आकडा चारवरच होता.