आडवं बोलायची पाळी

“म्हणजे ठरलं,” मालक म्हणाले. “माझ्यानंतर कारखान्याच्या किल्ल्या याच्याकडे.”

याच्याकडे म्हणजे सुताराच्या मेव्हण्याकडे. सुतार इथला सगळ्यांत जुना माणूस. मेव्हण्याला कामाला त्यानंच आणलं होतं, बायकोनं डोकं खाल्लं म्हणून. आता करवतीवरचे दोघंही मेव्हण्याकडे बघून कौतुकानं माना डोलवत होते.

“थांबा,” सुतार म्हणाला. “आज आडवं बोलायची पाळी माझी.”

कारखान्याचा तसा नियमच होता. सगळ्यांचं एकमत झालं, की ज्याची पाळी असेल त्यानं, मनात असो वा नसो, उलट बाजूनं बोलायचं. घाईत चुकीचं काही ठरू नये म्हणून. आणि त्या बोलण्याचा राग कुणी धरायचा नाही.

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

“बरं, बोल,” मालक म्हणाले.

सुतार आधी कामावर बोलला. मेव्हण्यानं केलेल्या टेबलाचे पाय एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणाला. मग तो त्याच्या शिट्टीवर घसरला. तिथून केसांवर.

“आमच्याकडे जेवायला येतो, तर हातांची खुर्ची याला! मी स्टुलावर! खुर्ची केली कुणी? मी! आणि हसतो कसा बघा. एवढं हसण्यासारखं काय असतं रोज?”

“दाजी, पाणी घ्या,” मेव्हणा म्हणाला.

“हेच! हा गोडवाच मला सहन होत नाही!” सुतारानं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. “अर्थात, हे सगळं पाळी म्हणून.”

“पाळी म्हणूनच,” करवतीवरचा एक जण भिंतीकडे बघत म्हणाला.

तेवढ्यात पॉलिशवाल्या मावशी सुताराकडे बोट दाखवत उठल्या. “मला विचाराल, तर किल्ल्या यालाच द्या. उभं आयुष्य घातलंय इथं. असा हात पुन्हा मिळायचा नाही.”

सुताराला भरून आलं.

पण बाकीचे हलले नाहीत. मालकांनी किल्ल्या मेव्हण्याच्या हातात ठेवल्या. सुतारानंही टाळ्या वाजवल्या, जरा जोरातच.

सगळे पांगल्यावर तो मावशींजवळ गेला. त्या बोटांचं पॉलिश फडक्यानं पुसत होत्या.

“मावशी, किल्ल्या गेल्या तर गेल्या. पण एक माणूस तरी मनापासून माझ्या बाजूचं आहे, हे कळलं. तुमचे उपकार विसरणार नाही.”

“उपकार कसले रे,” मावशी म्हणाल्या. “आज आडवं बोलायची पाळी माझी होती.”