बॅंजो कुणाजवळ बसतो

"इथे, माझ्याजवळ बस," मर्व्हने पुन्हा विनवलं आणि सॉसेजचा तुकडा पुढे धरला.

बॅंजोने तुकडा गिळला, चिखलातून मोठा वळसा घातला आणि ग्लेनिसच्या घडीच्या खुर्चीशी जाऊन ताठ बसला. वर मर्व्हकडेच टक लावून बघायला लागला.

"बघितलंस? खायचं माझं, बसायचं तुझ्याजवळ. आणि वर मला खिजवायचं!"

"कुत्र्याशी कसली भांडणं करतोस," म्हणत ग्लेनिसने विणकामाची पिशवी रेनकोटखाली ओढली. मर्व्हची बायको होती ती, असल्या कुरबुरी तिला रोजच्याच होत्या.

मर्व्ह पोलिसांच्या श्वानपथकात होता. असल्याच संगीत मेळ्यांच्या फाटकावर तो आणि बॅंजो उभे राहायचे. कुत्र्याने गांजावाला हेरला की मर्व्ह बक्षीस म्हणून खिशातला चेंडू फेकायचा, बॅंजो वेडा होऊन धावायचा. दोघे एकाच दिवशी निवृत्त झाले, बॅंजो घरी राहायला आला आणि पहिल्याच संध्याकाळी ग्लेनिसजवळ जाऊन बसला. तेव्हापासून रोज तेच. मर्व्ह बिचारा मनातून पार खचला होता. शेजाऱ्याने सुचवलं, जिथे तुमची जोडी जमली तिथे त्याला परत ने, जुनी माया जागेल. म्हणून हा लिझमोर गावापलीकडच्या डोंगरातला मेळा, हा धो धो पाऊस आणि तिकडे अर्ध्या चाकापर्यंत रुतलेली गाडी.

"आज हा आपणहून माझ्याजवळ बसला नाही, तर हा कायमचा तुझा," मर्व्ह म्हणाला. "मी त्याला फिरायलासुद्धा नेणार नाही." त्याचा आवाज ऐकून ग्लेनिसला वाईट वाटलं.

मर्व्ह त्याला घेऊन समोरच्या चहाच्या तंबूकडे गेला. चहा ओतणाऱ्या विलो नावाच्या पोरीच्या पायाशी बॅंजो ताठ बसला. तिने किटली धाडकन खाली ठेवली. कुत्रा ज्याच्यापुढे बसला त्याच्याकडे गांजा, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"साहेब, चिमूटभरच आहे हो! आणि तीही मैत्रिणीची!"

"अगं, घाबरतेस काय? आम्ही रिटायर झालोय. त्याच्या अंगावर निळा पट्टा दिसतोय का? पट्टा नाही म्हणजे ड्यूटी नाही." नव्या शिपायांना मर्व्ह हेच शिकवायचा. "दमलाय, बसला."

बॅंजो उठला आणि शेजारच्या ढोलवाल्यापुढे बसला. ढोलवाल्याने खिशातली चार बिस्किटं एकदम तोंडात कोंबली आणि भरल्या तोंडाने विचारलं, "आता?" पुढे एका टकल्या आजोबांनी तंबूच्या आतूनच हात वर केले. अख्खा तंबू त्यांच्या डोक्यावर कोसळला. स्टेजवरच्या बासरीवाल्याने हे सगळं पाहिलं आणि सूर अर्धा टाकून तो पडद्यामागे पळाला. प्रत्येकापुढे बॅंजो बसायचा आणि मान वळवून मर्व्हकडे बघायचा.

विलोला आता हसू आवरेना. "काका, पट्ट्याचं तुम्हाला कळतं. त्याला कुठे कळतंय? तो अजून ड्यूटीवरच आहे!"

मर्व्हही हसला. मग ते हसू तोंडातच अडकलं. तोपर्यंत बॅंजो परत जाऊन ग्लेनिसच्या खुर्चीशी बसला होता, विणकामाच्या पिशवीला नाक लावून.

"ग्लेनिस," मर्व्ह चिखल तुडवत तिच्यापुढे येऊन उभा राहिला. "त्या पिशवीत काय आहे?"

ग्लेनिसने लोकरीच्या गुंड्याखालून पत्र्याचा डबा काढला. "गुडघ्यांसाठी घेते रे. झोपताना गांजाचं अर्धं बिस्किट. तुला कशी सांगणार? तू जेवतानासुद्धा पोलीस!" मग तिने सरळ दोन्ही हात पुढे केले. "चल, पकड मला."

पण मर्व्हचं लक्ष डब्याकडे नव्हतंच. तो बॅंजोकडे बघत होता. कानांवरून पाणी ठिबकतंय, पाठ ताठ, डोळे मर्व्हवर. फाटकावर तो अगदी असाच बघायचा.

मर्व्हचा हात रेनकोटच्या खिशात गेला. सवयीने बाळगलेला जुना चेंडू तिथेच होता. हात खिशात गेलेला दिसताच बॅंजोची शेपटी चिखलात सपासप आपटायला लागली.

"रोज संध्याकाळी तू मला सांगत होतास," मर्व्ह चेंडू बाहेर काढत म्हणाला, "आणि मी ढिम्म टीव्ही बघत होतो. किती चेंडू राहिले रे बाळा तुझे माझ्याकडे!"