हात बसला की…

पत्रा कापणारी पॉवर प्रेस खाली आली आणि रेवणच्या उजव्या हाताची दोन बोटं तोडूनच वर गेली. त्याच्या किंकाळीनं सारी शेड हादरली. फोरमन दस्तगीरमामांनी धावत येऊन मशीन बंद केलं आणि हाताला फडकं करकचून गुंडाळलं. खालच्या पत्र्यावर रक्ताचं थारोळं साचलं होतं.

इंजिनिअर होऊन दिवाळीत तो इथं शिकायला लागला, तेव्हापासून शेठचं एकच पालुपद होतं. "आधी हात तर बसू दे, मग पगार सुरू करतो. जमत नसेल तर जा बाबा. फुकट शिकायला गेटवर पोरं उभीच आहेत."

पोरं खरंच उभी असायची, म्हणून रेवण फुकट राबत राहिला. काम पटापट उरकावं म्हणून शेठनी मशीनची हात वाचवणारी जाळी काढायला लावली, तेव्हाही तो तसाच काम करत राहिला.

शेठ आले. आधी त्यांनी प्रेस धड आहे ना ते पाहिलं, मग मामांना म्हणाले, "दवाखान्यात सांगा, हा आपला माणूस नाही. न विचारता मशीनला हात लावला म्हणावं."

शेजारच्या टेबलावर मोठा पाना पडला होता. रेवणनं तो डाव्या हातानं उचलला आणि सगळं बळ एकवटून शेठच्या जबड्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज झाला. दातांसकट रक्त थुंकत शेठ आडवे झाले. मामांनी रेवणला मागून गच्च धरलं.

"शेठ," रेवण धापा टाकत म्हणाला, "बसला बघा हात. करा पगार सुरू."