शेवटी पाच

लेकीच्या श्वासाच्या यंत्रावर बारा आकडी नंबर कोरलेला होता. तिचे वडील, गणिताचे निवृत्त मास्तर, तो तिच्या कानाशी मोठ्याने वाचत होते. "बाळा, ही मूळ संख्या आहे. हिला कशानेच भाग जात नाही."

सलाईन बदलायला आलेल्या नर्सला राहवेना. "अहो काका, शेवटी पाच आहे. पाचने भाग जाणारच की! शाळेतलं पोरही सांगेल."

"हीच सांगायची. मी मुद्दाम चुकलो, की गाढ झोपेतून उठून भांडायची माझ्याशी."

दारात डॉक्टर येऊन उभे राहिले. यंत्र बंद करायची वेळ झाली होती.

नर्सने हातातली बाटली खाली ठेवली आणि दुसऱ्या कानाशी वाकली. "ताई, काकांचं बरोबर आहे हं. ही मूळ संख्याच आहे."