बॅच बुडते ते दिवस

“महिन्यातून दोनदा,” शुभंकर म्हणाला. “फार तर तीनदा.”

डॉक्टर मधुरिमा देवस्थळींनी प्रश्न देवयानीला विचारला होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. देवयानीने मान हलवली. आकडा बरोबर होता.

देवयानी उत्तरेतल्या या शहरात, सेक्टर ३४मधल्या एका कोचिंग इन्स्टिट्यूटमध्ये केमिस्ट्री शिकवते. तिथे बॅच सोडायची नसते. ताप असो, घरचं कार्य असो, माणूस उभा राहू शकत असेल तर तो शिकवतो. नाही आला तर त्या तासाला दुसऱ्या विषयाचा शिक्षक आपला धडा पुढे रेटतो, आणि पालकांचे फोन ऑफिसात सुरू होतात. त्यामुळे डोकेदुखीचा दिवस कोणता, हे घरातही बॅचवरून ठरत आलं होतं. बॅच बुडाली, म्हणजे डोकं दुखलं. नाही बुडाली, म्हणजे नाही.

“त्या दिवशी नेमकं काय होतं?” डॉक्टरांनी विचारलं. त्या मूळच्या अकोल्याच्या. फाइलवरचं आडनाव पाहून त्या हिंदी सोडून मराठीत बोलू लागल्या होत्या.

“उलट्या. खोलीत अंधार. आवाज नको, वास नको,” शुभंकरच पुन्हा बोलला. “मी खिचडी टाकतो, तीही हिला नको असते. आमची मुलगी आहे ना, निधी, ती शेजारी जाऊन सांगते, आज मम्मा बंद है. मार्केट बंद असावं तसं!”

तो हसला. देवयानीही हसली. हसताना तिने डावा डोळा बारीक केला.

“बघा जी, दोन रस्ते आहेत,” डॉक्टर म्हणाल्या. “एक, दुखायला लागल्याबरोबर घ्यायची गोळी. दुसरा, दुखणं मुळात कमी वेळा यावं म्हणून रोज घ्यायचं औषध. त्याचा गुण दिसायला दोन-तीन महिने जातात. रोजच्या औषधांतही निवड आहे. एकाने झोप येते, वजन वाढतं. दुसऱ्याने वजन वाढत नाही, पण काही जणांना बोलताना शब्द पटकन सापडत नाहीत. आणि मूल हवं असेल तर ते चालत नाही.”

“मूल नकोय आता,” देवयानी म्हणाली. “शब्द सापडत नाहीत, म्हणजे?”

“नेमका शब्द वेळेवर आठवत नाही. सगळ्यांना होत नाही. झालं तर औषध बदलता येतं.”

देवयानीने टेबलाच्या कडेकडे पाहिलं. गच्च भरलेला हॉल, वर उचललेली पेनं, आणि फळ्यापाशी आपण, शब्द शोधत. ते तिला स्वच्छ दिसलं. झोप आणणारी गोळी घेऊन सकाळची पहिली बॅच, तेही दिसलं.

“मग रोजचं नको,” ती म्हणाली.

“तेच म्हणतोय ना मी केव्हापासून,” शुभंकर म्हणाला. “दोन दिवसांसाठी तीस दिवस गोळ्या कशाला यार!”

डॉक्टरांनी वाद घातला नाही. “दोनच दिवस असतील आणि वेळेवर घेतलेल्या गोळीने भागत असेल, तर मीही आग्रह धरणार नाही. निर्णय तुमचा आहे, आणि विचार करून घेतलाय.” त्यांनी गोळीचं नाव लिहिलं. जेवण चुकवू नका, झोपेची वेळ पाळा, असं सांगितलं. “ही गोळी वरचेवर नको. फार घेतली की गोळीनेच डोकं दुखायला लागतं.”

“मी बॅच बुडेल असं वाटलं तरच घेते.”

“पक्का?”

“पक्का.”

शुभंकरने कागद घडी करून खिशात ठेवला आणि स्कूटरची किल्ली काढली. त्याच्या चेहऱ्यावर काम लवकर उरकल्याचं समाधान होतं. देवयानी उठली. पर्स खांद्याला लावण्याआधी ती क्षणभर खुर्चीची पाठ धरून थांबली.

“आज बरं आहे ना?” डॉक्टरांनी जाता जाता विचारलं.

“हो, आज छान आहे,” देवयानी म्हणाली. “आज फक्त डाव्या बाजूला आहे.”

डॉक्टरांचा हात बेलवर गेला होता. तो तिथेच राहिला.

“बसा जरा. काल?”

“काल बॅच होती.”

“बॅच नाही, डोकं विचारतेय.”

“काल मानेपर्यंत उतरलं होतं. पण शिकवलं मी. चांगली झाली बॅच.”

“परवा?”

“परवा तर आम्ही लेकवर गेलो होतो,” शुभंकर म्हणाला. “निधीला बोटिंग करायचं होतं. मजेत होती ही.”

“होते ना मजेत,” देवयानी म्हणाली. “थोडंच होतं परवा.”

शुभंकर तिच्याकडे बघत राहिला. मग तोही बसला.

“मला एक सांगा,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. “दोन्ही बाजूंना काहीच नाही, असा अलीकडचा दिवस कोणता?”

विद्यार्थ्याच्या शंकेला द्यावा तसा देवयानीने या प्रश्नाला वेळ दिला. ती एक दिवस शोधू लागली. दिवाळीपर्यंत गेली. निधीच्या जन्मापर्यंत गेली. लग्नाच्या आधीच्या सांगलीतल्या कॉलेजपर्यंत जाऊन आली. मग ती शुभंकरकडे वळली आणि त्याच्या कपाळाकडे निरखून पाहू लागली.

“तुला आत्ता,” तिने विचारलं, “काहीच दुखत नाहीये?”