एक काना

"आई अबोल आहे गं. मनावर घेऊ नकोस," नवरा म्हणाला.

"अबोल कसली, घुमी म्हण," नणंद हसली. "आपला पंखासुद्धा कुरकुरतो. आईचं तेवढंही नाही."

सून छापखान्यात मुद्रितं तपासायची. शब्द पारखणं हे तिच्या पोटापाण्याचं काम. अबोल म्हणजे स्वभावानेच गप्प. घुमा म्हणजे आत साठवून गप्प. सासूबाई नुसत्या अबोल असत्या तर तिची तक्रार नव्हती. पण त्यांच्या आत राग होता, आणि तो आपल्यावरच आहे, हे तिला रोज दिसत होतं.

सासूबाई तिला स्वयंपाकघरात एकटीला उभं राहू देत नसत. ती आत शिरली की या दारात हजर. आगपेटी कायम त्यांच्या कमरेला खोचलेली. साधा चहा ठेवायचा तरी सुनेने हात पसरायचा. निजायच्याही तिथेच, ओट्याला पाठ लावून.

"पहिल्या बायकोशीही अशाच वागायच्या?" तिने एकदा नवऱ्याला विचारलं.

"तिचा विषय नको. भांडून निघून गेली ती. आईने तेव्हापासूनच तोंड मिटलंय."

सुनेने विषय सोडला. हे घर टिकवायलाच हवं होतं. पाठवणी करताना बापाने बजावलं होतं, आता परत यायचं नाही.

शेवटी तिने नवऱ्याचे कान भरले. "मला चोरासारखं वागवतात. घर माझंही आहे ना?"

"आहेच की."

तो उठला, आईचा हात पिरगळला आणि आगपेटी काढून घेतली. "आजपासून स्वयंपाकघर तुझं," तो बायकोला म्हणाला. आगपेटी त्याने स्वतःच्या खिशात टाकली. "लागली की मला हाक मार."

सून ताठ मानेने ओट्यापाशी गेली. मागून सासूबाई आल्या. मनगट लालबुंद. त्यांनी दार लोटलं, आतून कडी घातली.

"अबोल म्हणतात ना मला?"

आवाज गंजलेला होता. सुनेच्या हातातलं भांडं खाली पडलं.

"काना गाळतात मेले. अबोला आहे तो. त्या दोघांशी."

"मग माझ्याशी का नाही बोललात?"

"बोलले असते, तर तू जाऊन त्यालाच विचारलं असतंस."

बाहेरून दारावर थाप पडली. "काय चाललंय आत?"

सासूबाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"पहिली कुठे निघून गेली नाही, पोरी. याच ओट्यापाशी पेटवली तिला."