सुपारीचं बूच

गाडी पुन्हा बंद पडली. सुरू व्हायची, जरा वेळ थरथरायची आणि मरायची. नितेशने बॉनेटवर असा हात आपटला की चाळीच्या गॅलरीतली माणसं वाकून बघायला लागली.

"गाडीक मारून काय होतला?" भाऊराव म्हणाले. "पाइप परत बघ."

"किती वेळा बघू, बाबा? वाट लागलीय सगळी!"

उद्या सकाळी नाहूरच्या या खोलीची चावी बिल्डरला द्यायची होती. चाळ पडणार, टॉवर उठणार, तोवर बिऱ्हाड गोवंडीला भाड्याच्या खोलीत. त्या खोलीत नितेश, शीतल आणि पोरं मावत होती. म्हातारा मावत नव्हता. म्हणजे, नितेशच्या हिशेबात मावत नव्हता. त्यांना कणकवलीजवळ गावी, चुलतभावाकडे पोचवायचं ठरलं होतं. म्हणायला चार महिने. टॉवर चार महिन्यांत उठत नाही हे भाऊरावांना काय कळत नव्हतं? पण त्यांनी मुकाट्याने ट्रंक भरली आणि एकच अट घातली, जाईन तर माझ्या गाडीतून जाईन.

नितेशने त्यांना कारणंही दिली होती. "तुम्हाला हल्ली लक्षात राहत नाही, बाबा. परवा गॅस चालू ठेवलात." पहिलं कारण लंगडं वाटलं म्हणून मग दुसरं. "आणि शीतलला तुमचं करणं जमत नाही. रोज माझं डोकं खाते." म्हाताऱ्याने ते खरं धरलं. त्या दिवसापासून ते सुनेकडे दुसरा चहा मागेनासे झाले.

आता गाडीचं इंजिन बापलेकांनी मिळून खोललं होतं. गॅस्केट गेलं होतं, ते बदललं. जन्मभर कंपनीची गाडी हाकलेल्या भाऊरावांची एक पद्धत होती. रबराचा बारीक पाइप काढला की त्याच्या तोंडात धूळ जायला नको, म्हणून ते अडकित्त्याने सुपारीची खुंटी कातरून तिचं बूच बसवायचे. अर्धं आत, अर्धं बाहेर, म्हणजे चिमटीत धरून उपसता येतं. पाइप परत जोडताना भाऊराव बूच काढून शीतलच्या तळहातावर ठेवत. ती पाइप पुसून नितेशच्या हातात देई. कुठला पाइप कुठे, हे भाऊराव न चुकता सांगत. आणि तरी ही अवदसा चालू राहत नव्हती.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने कार्ब्युरेटर बघूनच हात जोडले होते. "साहेब, ही गाडी आमच्या पोरांनी पाहिलेलीसुद्धा नाही," म्हणाला. ऊन कलायला लागलं. नितेशचे हात ग्रीसने माखले होते आणि डोळे चुरचुरत होते. देवा, एकदा चालू होऊ दे रे, तो पुटपुटत होता. आज नाही निघालो तर बापाला नेऊन सोडणं आपल्याच्याने परत होणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तो इतका पिसाळला होता.

त्याने एकेक पाइप उपसून बोटांत दाबायला सुरुवात केली. कार्ब्युरेटरकडे पेट्रोल नेणारा पाइप मध्येच कडक लागला. त्याने फुंकर मारली, हवा जाईना. ब्लेडने पाइप चिरला तेव्हा आतून सुपारीचं बूच टपकन खाली पडलं.

"बाबा!" नितेश एवढ्या जोरात ओरडला की शेजारचा कुत्रा उठून गेला. "हे बघा! आणि म्हणे, मला सगळं आठवतं! आतच राहिलं की हे!"

भाऊरावांनी बूच उचललं. चष्मा वर करून उलटसुलट करून पाहिलं. त्यांचा चेहरा पार उतरला.

"माझ्याचकडसून रवला आसतला," ते हळूच म्हणाले. "काढलंय असा वाटला... माका आठवणा नाय रे." ते ट्रंकेवर बसले. "तुझा बरोबर आसा. माका सोड गावाक."

नितेशला वाटलं होतं, आता सुटल्यासारखं होईल. झालं भलतंच. बाप इतका म्हातारा कधी दिसला नव्हता.

शीतल जिन्यावरून चहा घेऊन उतरली. तिने कप आधी सासऱ्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या मुठीतलं बूच काढून घेतलं.

"तुम्ही नाही विसरलात, बाबा. तुम्ही हे काढून माझ्या हातात दिलं होतंत. मीच पाइप पुसताना परत घातलं. बाहेर दिसू नये म्हणून केसातल्या आकड्याने आत ढकललं."

"येडी झालीस काय तू?" नितेश म्हणाला. "सकाळपासून इथे माझा जीव चाललाय!"

"अहो, आपली भिंत पत्र्याची आहे, सगळं ऐकू येतं." तिने नवऱ्यावरची नजर हलवली नाही. "बाबांचं करणं मला जमत नाही, हे तुम्ही त्यांना सांगितलंत. मला कधी विचारलंत?"

नितेशने चिरलेला पाइप खाली टाकला. गॅलरीतली माणसं हळूच आत गेली.

भाऊरावांनी चहा संपवला, मिशी पुसली आणि रिकामा कप सुनेपुढे धरला.

"सूनबाय, माका आणखी वायच चाय होयी."